शेड जुळेपर्यंत : कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला काय लागतं?

मराठी वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवर अभ्यासलेख कशाला, असा प्रश्न काही जणांना पडेल. त्याचं उत्तर एका डच माणसाने देऊन ठेवलं आहे. एड्सगर डायक्स्ट्रा (१९३०–२००२) हे नाव इंजिनीअरिंगच्या मुलांना माहीत असतं, कारण दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची त्यांची पद्धत अभ्यासक्रमात असते. ही पद्धत त्यांना १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत सुचली, कागद-पेन्सिल न घेता, साधारण वीस मिनिटांत. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हे गृहस्थ फाउंटन पेनने टिपणं लिहायचे आणि त्यांच्या प्रती ओळखीच्या लोकांना पाठवायचे. अशी तेराशेहून जास्त टिपणं आहेत. त्यांतल्या १९७५ च्या एका टिपणात जाता जाता एक मुद्दा येतो : गणिताची ओढ सोडली, तर प्रोग्रामरला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती मातृभाषेवरची हुकमत.

इंग्रजीवरची नव्हे. मातृभाषेवरची.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे वाचून छान वाटतं, हे खरंच आहे. पण मला ते वाचून आठवलं आमचं पांडेसरा.

पांडेसरा म्हणजे सुरतेचा दक्षिणेकडचा औद्योगिक भाग. जीआयडीसीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिल, आजूबाजूला पॉवरलूमची खाती, आणि त्यांच्यामध्ये आमच्या सोसायट्या. मराठी माणूस इथे पुष्कळ, त्यातला बराचसा खान्देशातला : धुळे, नंदुरबार, जळगाव. शेजारी ओडिशाच्या गंजामचे, उत्तर प्रदेशचे, बिहारचे कारागीर. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी अशा सात माध्यमांत चालतात, यावरूनच कल्पना यावी. आमचं घर खान्देशी नाही. पप्पा नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरकडचे. रविवारी मिस्सा आणि सोमवारपासून मिल, असं आमचं वेळापत्रक. मी तिथेच वाढले. माझा धाकटा भाऊ सध्या सुरतेतच कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या पहिल्या वर्षातला सी भाषेचा पेपर मी सुट्टीत त्याच्याबरोबर बसून सोडवलाय, तेव्हा या विषयात मी अगदीच पाहुणी नाही.

मे महिन्यात घरी गेले की शेजारच्या काकू बारावी सायन्सचा निकाल घेऊन येतात, कधी स्वतःच्या घरातला, कधी भावकीतला. या वर्षी त्यांची मुलगीच होती. दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत, पुढची दोन वर्षं इंग्रजी माध्यमाच्या वर्गात. वडील लूमवर, बारा तासांची पाळी. तिने विचारलं, “ताई, मला कॉम्प्युटर जमेल का? आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही.” वडिलांनी वेगळं विचारलं : “चार वर्षं घातली, कर्ज काढलं, आणि पोरगी मधेच अडकली तर?” फीचा प्रश्न मोठा आहे आणि तो या लेखात सुटणारा नाही. पण मुलीचा प्रश्न नीट उत्तर देण्याजोगा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे फार ढिसाळपणे दिलं जातं. “हुशार आहे ना, मग जमेल.” नाहीतर, “मोबाइल बघ कसा सराईत चालवते, कॉम्प्युटरलाच घाला.” मोबाइल सराईत चालवता येणं आणि कॉम्प्युटर इंजिनीअरिंग यांचा संबंध रिक्षा चालवणं आणि इंजिन बनवणं यांच्याइतकाच.

मग काय लागतं?

पप्पांच्या कामातलं एक उदाहरण घेते. पॉलिस्टरचं कापड जेट मशीनमध्ये दाबाखाली साधारण १३० अंशांवर रंगवतात. पार्टीने दिलेला नमुना असतो, त्याच्याशी लॉटची शेड जुळली पाहिजे. नवीन हेल्परला जर कोणी सांगितलं, “शेड जुळेपर्यंत थोडा थोडा रंग टाकत राहा,” तर ही सूचना ऐकायला पूर्ण वाटते. मिलमध्ये ती चालूनही जाते, कारण ऐकणारा माणूस आहे. आता हीच सूचना अशा कोणाला तरी द्या, जो सांगितलेलं सगळं करतो आणि न सांगितलेलं काहीच करत नाही. क्रम असा होईल : मशीनमधून तुकडा काढ. नमुन्याशी ताडून बघ. जुळला तर थांब. नाही जुळला तर थोडा रंग टाक आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कर.

आणि शेड नमुन्यापेक्षा गडद झाली तर? जुळत तर नाहीये. मग तो रंग टाकेल. आणखी गडद. पुन्हा जुळत नाही, पुन्हा रंग. बादली संपेपर्यंत, कापड काळं होईपर्यंत, आणि त्यानंतरही, कारण थांबायची एकच अट आपण दिली होती आणि ती आता कधीच पूर्ण होणार नाही. याला म्हणतात इन्फिनिट लूप. माझ्या भावाने पहिल्या सत्रात लिहिलेल्या प्रोग्रामपैकी निदान तीन असेच फिरत राहिले होते.

त्या सूचनेत अजूनही खड्डे आहेत. ‘थोडा’ म्हणजे किती ग्रॅम? ‘जुळली’ असं कोण ठरवणार, आणि कोणत्या उजेडात? हा शेवटचा प्रश्न चेष्टेचा नाही. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेल्या दोन शेड बाहेर उन्हात नेल्या की वेगळ्या दिसू शकतात, कारण त्या वेगवेगळ्या रंगांच्या मिश्रणातून बनलेल्या असतात. म्हणून चांगल्या लॅबमध्ये ठरलेल्या दिव्यांची पेटी असते आणि नमुना त्याच पेटीत बघतात. म्हणजे ‘जुळणे’ या एका साध्या क्रियापदाची व्याख्या करायला एक अख्खं उपकरण लागलं.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला लागणारा पहिला गुण माझ्या मते हा : आपण बोललेल्या वाक्यातले खड्डे आपल्यालाच दिसणं. प्रोग्रामला मराठीत ‘आज्ञावली’ म्हणतात. शब्द पुस्तकी आहे, रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही, पण नेमका आहे. आज्ञा देणाऱ्याला वाटतं आपण सगळं सांगितलं. ऐकणारा यंत्र असला की कळतं, अर्धं आपण गृहीतच धरलं होतं. आणि हे खड्डे आपल्याला आधी दिसतात ते ज्या भाषेत आपण विचार करतो तिच्यात. ‘थोडा’ या शब्दाचा सैलपणा मला मराठीत लगेच बोचतो. तेच वाक्य परक्या भाषेत पाठ केलेलं असलं की सगळं कसं गुळगुळीत वाटतं. डायक्स्ट्रा यांच्या मुद्द्याचा अर्थ मी असा लावते.

या उदाहरणात आणखी एक गंमत आहे, तीही सांगून टाकते. अनुभवी डाइंग मास्टर पहिल्या वेळी शेड मुद्दाम जरा फिकी ठेवतात. फिकी असली तर रंग चढवता येतो. गडद झाली तर उतरवणं हे वेगळंच, महागाचं काम. म्हणजे मास्टर मनाशी एक नियम धरून असतो : ‘प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कापड नमुन्याइतकं किंवा त्याहून फिकंच असेल.’ फेऱ्या बदलतात, हा नियम बदलत नाही. दुसरं, प्रत्येक फेरीला नमुना आणि कापड यांच्यातलं अंतर कमी होतं, म्हणून कधीतरी फेऱ्या संपणारच. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अल्गोरिदमच्या विषयात लूप बरोबर आहे हे सिद्ध करायला शिकवतात तेव्हा याच दोन गोष्टी दाखवायच्या असतात : प्रत्येक फेरीत कायम राहणारी एक गोष्ट आणि प्रत्येक फेरीला कमी होत जाणारी एक गोष्ट. पहिलीला ‘लूप इन्व्हेरिअंट’ म्हणतात. भावाने हे नाव घेतलं तेव्हा पप्पा म्हणाले, “एवढ्याला परीक्षा असते होय?” असते, आणि मुलं त्यात अडकतातही.

माग आणि कॉम्प्युटर यांचं नातं मी ओढूनताणून जोडतेय असं वाटू नये म्हणून थोडा इतिहास. फ्रान्समधल्या लिओं शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास असा माग केला, की नक्षी विणकराच्या डोक्यात ठेवायची गरजच उरली नाही. ती भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत आली. आडव्या धाग्याच्या एका ओळीसाठी एक कार्ड. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जाणार, नसेल तिथला खालीच राहणार. हो किंवा नाही, एवढंच. या मागावर खुद्द जॅकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती. बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या ‘ॲनालिटिकल इंजिन’ची आखणी केली तेव्हा सूचना देण्यासाठी हीच कार्डांची युक्ती उचलली, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्रावर टिपणं लिहिताना त्याची तुलना जॅकार्डच्या मागाशीच केली. आज सुरतेत साडीच्या काठाची नक्षी विणणारे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहेत. कार्डांची माळ गेली, तिच्या जागी डिझाइनची फाइल आली. हो-नाही तेच.

पण यावरून ‘विणकरांची मुलं जन्मतःच प्रोग्रामर’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. लूमच्या खडखडाटाशेजारी राहिल्याने लूप समजत नाही, नुसतं कानाला कमी ऐकू येतं. ‘गरिबीतून चिकाटी येते’ हे वाक्यही मला आवडत नाही. गरिबीतून बहुतेक वेळा थकवा येतो. माझं म्हणणं एवढंच, की विचार करायला लागणारं सामान आमच्या वस्तीत भरपूर पडलेलं आहे. आणि ज्या मुलीच्या घरी कॉम्प्युटर नाही, तिला सुरुवात करण्यापासून कोणी अडवलेलं नाही. कोडचा पहिला धडा कागदावरच होतो.

दुसरा गुण वाचनाचा. इथे आपल्या वर्गातल्यांनी जरा कान टवकारावेत.

प्रोग्राम चालवला की पहिल्यांदा उत्तर येतच नाही, एरर येते. पहिल्या वर्षाची मुलं काय करतात? लाल अक्षरं दिसली की घाबरून खिडकी बंद करतात आणि शेजाऱ्याचा कोड मागतात. ती एरर कोणी वाचतच नाही! वास्तविक तिच्यात ओळीचा नंबर असतो, कारण असतं. भावाच्या प्रोग्राममध्ये आठव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता आणि कंपायलर नवव्या ओळीकडे बोट दाखवत होता. “नववी ओळ बरोबर आहे, हा खोटं बोलतोय,” असा त्याचा संताप. खोटं नव्हतं. कंपायलर डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतो. आठवी ओळ संपली नाही हे त्याला नववी सुरू झाल्यावरच कळणार. कोण वाचतंय, कुठून वाचतंय, त्याला त्या क्षणी काय माहीत आहे आणि काय नाही, हे प्रश्न आपण कथेतल्या निवेदकाबद्दल विचारतो. तेच इथे विचारायचे.

‘अनडिक्लेअर्ड’ ही अशीच एक एरर. घाबरवणारा शब्द, अर्थ साधा : या पाहुण्याची ओळख करून न देता तुम्ही त्याला पंगतीत बसवलंय. ‘रिडेफिनिशन’ म्हणजे एकाच नावाचे दोघं आणून बसवलेत. या शब्दांचा साठा फार मोठा नसतो. तेच तेच शब्द चार वर्षं भेटत राहतात. वहीच्या शेवटच्या पानावर ते मराठी अर्थासकट लिहून ठेवले की पहिल्या सत्रातली अर्धी भीती जाते. भावाने तशी यादी केली आहे. त्यातले काही अर्थ छापण्यासारखे नाहीत.

कविता वाचताना आपण शिकतो, की कवीला काय म्हणायचं असेल याचा अंदाज बांधण्याआधी पानावर काय आहे ते बघा. कोडमधली चूक शोधणं म्हणजे हेच, फक्त जास्त कठीण, कारण इथे कवी आपणच. आपल्याला काय म्हणायचं होतं ते पक्कं माहीत असतं, म्हणून पानावर काय आहे ते दिसत नाही. स्वतःचं लेखन परक्यासारखं वाचता येणं हा गुण ज्याच्याकडे आहे तो या शाखेत टिकतो.

शब्द आणि यंत्र यांची गाठ एका जेझुइट धर्मगुरूने फार पूर्वी घालून दिली होती, आणि आपल्या कॉलेजच्या अंकात त्यांचं नाव यायलाच हवं. इटलीचे फादर रोबेर्तो बुसा. संत थॉमस अक्विनास यांच्या लेखनातला प्रत्येक शब्द कुठे कुठे आला आहे याची सूची त्यांना करायची होती. शब्द एक कोटीहून जास्त. १९४९ मध्ये ते आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि मदत मिळवली. मग गॅलरातेमध्ये तरुण मुली वर्षानुवर्षं बसून कार्डं पंच करत होत्या. पुन्हा तीच भोकं पाडलेली कार्डं, आता नक्षीसाठी नाही तर लॅटिनसाठी. छापील सूचीचे ५६ खंड झाले. आपल्यासाठी यातला मुद्दा असा : यंत्राला मोजायला सांगण्याआधी ‘एक शब्द’ म्हणजे काय ते ठरवावं लागलं. मराठीत बघा. ‘केलं’, ‘करतो’, ‘करणार’, ‘करून’ हे चार शब्द की एका ‘कर’ धातूची चार रूपं? ‘घरात’ हा ‘घर’ मोजायचा का? व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणा वाटणारा प्रश्न इथे दाराशीच उभा राहतो, आणि तो सोडवल्याशिवाय यंत्र एक पाऊल पुढे टाकत नाही. व्याख्या करण्याचा कंटाळा असेल त्याने दुसरी शाखा बघावी.

आता गणित. साहित्याची बाजू घेताना गणित झाकायचं हा अप्रामाणिकपणा होईल. डायक्स्ट्रा यांनीही ते आधी बाजूला काढूनच भाषेचा मुद्दा मांडला. गणित लागतं. फक्त कोणतं, ते नीट सांगायला हवं. झरझर गुणाकार करणारं नाही, ते यंत्र करतं. ‘हे नेहमीच खरं का आहे?’ असं विचारणारं गणित.

उदाहरण म्हणून एखाद्या मार्केटच्या गोडाउनमध्ये १,००,००० साड्यांच्या नंबरांची यादी आहे असं धरा. एक नंबर शोधायचा आहे. यादी कशीही लावलेली असेल तर वाईटात वाईट वेळी एक लाख नंबर बघावे लागतील. क्रमाने लावलेली असेल तर मधला बघा, नको असलेली अर्धी यादी सोडून द्या, उरलेल्यातला मधला बघा... जास्तीत जास्त १७ वेळा बघून काम होतं. आता दुसरा प्रश्न : एकच नंबर दोनदा पडलाय का ते शोधा. प्रत्येक नंबर प्रत्येकाशी ताडून बघितला तर सुमारे ५०० कोटी तुलना. आधी यादी क्रमाने लावली, ज्याला चांगल्या पद्धतीने साधारण १७ लाख तुलना लागतात, तर दुहेरी नंबर आपोआप शेजारी शेजारी येतात. एकदा वरून खाली नजर फिरवली की झालं. यंत्र तेच, यादी तीच. ५०० कोटी आणि १७ लाख यांच्यातला फरक विचाराचा आहे.

ज्या मुलाला किंवा मुलीला हा फरक वाचून मनात जरा मजा वाटली, तिला या शाखेत करमेल. जिला वाटलं “उत्तर आलं ना, मग झालं तर,” तिला दुसऱ्या वर्षापासून त्रास होईल. बारावीच्या गणितात नव्वद मार्क असलेल्यांनाही होतो, कारण ते मार्क पुष्कळदा गणिताचे नमुने पाठ करून मिळालेले असतात. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सचा पेपर असा पाठ होत नाही.

इंग्रजीचं काय, हा आमच्या भागातला खरा काळजीचा प्रश्न. अडचण खोटी नाही. गुजरातची प्रवेशपरीक्षा गुजकेट गुजराती, इंग्रजी आणि हिंदीत होते, मराठीत नाही. जेईई मेन २०२१ पासून तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे, पण मराठी प्रश्नपत्रिका हवी तर केंद्र महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं. म्हणजे पांडेसऱ्यातल्या मराठी मुलीला स्वतःच्या शहरात स्वतःच्या भाषेतला पेपर नाही. महाराष्ट्रात २०२१-२२ मध्ये पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम मराठीतून सुरू केला, ही मोठी गोष्ट. सुरतेहून ते दूर आहे.

तरी माझं मत असं, की इंग्रजी हे कौशल्य आहे आणि कौशल्य शिकता येतं. वर सांगितलेल्या गोष्टी स्वभावात मुरायला जास्त वेळ लागतो. शिवाय लागतं ते इंग्रजी कोणतं? पुस्तकातला एक परिच्छेद हळूहळू समजून वाचणं, एरर वाचणं, आपल्या प्रोग्रामबद्दल साधी चार वाक्यं लिहिणं. फाडफाड बोलणं प्लेसमेंटच्या वेळी कामाला येतं, अभ्यासाला नाही. परम महासंगणकाचे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. नागपूर, मग बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ, मग आयआयटी दिल्ली असं शिकत गेले, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. असं एक उदाहरण दिलं की लोक टाळ्या वाजवतात आणि प्रश्न विसरतात, म्हणून मी त्याच्यावर फार भर देत नाही. आमच्या सोसायटीतली मुलं घरी अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि गल्लीत हिंदी बोलतात. नवीन भाषेची भीती त्यांना खरं तर कमी असते. भीती असते ती हसण्याची.

कारण वर्गात प्रश्न विचारावा लागतो. हा गुण कोणत्याच माहितीपत्रकात नसतो, पण माझ्या भावाच्या वर्गात जी मुलं मागे पडली ती बहुतेक न विचारल्यामुळे पडली, न समजल्यामुळे नाही. समजलं तर कोणालाच नव्हतं. मराठी माध्यमातून आलेला मुलगा मनात वाक्याचं भाषांतर करत बसतो आणि तेवढ्यात सर पुढच्या स्लाइडवर जातात. मोडक्या इंग्रजीत किंवा सरळ हिंदीत विचारण्याचा निगरगट्टपणा लागतो. लॅबमध्ये शेजारच्याला “तू हे कसं केलंस, दाखव” म्हणायला आणि त्याने विचारलं तर आपलं दाखवायला मन मोकळं लागतं. सॉफ्टवेअर एकट्याने बनत नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यातच कामाचा बराच वेळ जातो.

हल्ली एआयला सांगितलं की तो कोड लिहून देतो, मग हे सगळं शिकायचं कशाला, असंही घरोघरी विचारतात. उत्तर पुन्हा त्या हेल्परच्या गोष्टीत आहे. एआयलाही सांगावंच लागतं, आणि ‘थोडा रंग टाक’ असं सांगितलं तर तोही स्वतःच्या मनाने ‘थोडा’ ठरवतो. त्याने दिलेलं उत्तर उन्हात नेऊन बघायचं काम आपलं. ज्याला कोड वाचता येत नाही, त्याला शेड जुळली की नाही हे कळणारच नाही. पहिल्या वर्षी असाइनमेंट एआयकडून लिहून घेणारी मुलं मला कथेचा सारांश वाचून परीक्षा देणाऱ्या आपल्या काही मित्रांसारखी वाटतात. पास होतात, हेही खरं.

तर त्या मुलीला, आणि या वाटेला जायचा विचार करणाऱ्या कोणालाही, प्रवेशाचे फॉर्म भरण्याआधी करून बघण्यासारखी एक गोष्ट. कॉम्प्युटर लागत नाही. घरातलं कोणतंही एक काम घ्या : बीम बदलणं, साडीला फॉल लावणं, भाकरी थापणं, काहीही. ते कसं करायचं ते मराठीत, अहिराणीत, ज्या भाषेत स्वप्नं पडतात त्या भाषेत, एका पानावर क्रमाने लिहा. ‘थोडं’, ‘जरा’, ‘नीट’, ‘अंदाजे’ हे शब्द वापरायचे नाहीत. प्रत्येक पायरीपाशी ‘असं झालं नाही तर काय?’ हे लिहायचं. मग ते पान ज्याला ते काम अजिबात येत नाही अशा माणसाच्या हातात द्या आणि लिहिलं आहे तेवढंच करायला सांगा. समोर बसायचं, पण मध्ये बोलायचं नाही. तो अडकेल तिथे पानावर खूण करायची आणि तेवढा भाग पुन्हा लिहायचा. असं चार-पाच वेळा करा. तिसऱ्या वेळी वैताग येतो की उत्सुकता वाढते, ते बघा.